शाळेचे दार आणि शाळेतले बाक

शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपल्याकडे एक सवय पडून गेली आहे. शाळा कोणी काढली, केव्हा काढली, जागा कोणी दिली, पहिल्या दिवशी किती मुले आली, एवढे नोंदवले की इतिहास पुरा झाला असे आपण मानतो. हा सगळा दाराचा इतिहास झाला. दारातून आत गेलेल्या मुलाला बसवले कुठे, पाणी कोणी वाढले, पाटी कोणी तपासली आणि कोणी दुरूनच पाहिली, हा दुसरा इतिहास आहे. तो शाळेच्या दप्तरात फारसा सापडत नाही. ज्यांना वेगळे बसवले त्यांच्याच तोंडून किंवा लेखणीतून तो पुढे येतो. या लेखात आम्हाला त्या दुसऱ्या इतिहासाविषयी बोलायचे आहे.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातूनच सुरुवात करू. १९०५ पर्यंत हा जिल्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जात होता. वऱ्हाडच्या या भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जे अमेरिकन मिशनरी आले ते फ्री मेथॉडिस्ट चर्चचे. यवतमाळ हे पुढे त्यांच्या भारतातील कामाचे मुख्य ठाणे झाले. उमरीचे मिशन हॉस्पिटल जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. १९५३ साली स्थापन झालेली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेलेली युनियन बिब्लिकल सेमिनरीही याच शहरातली. यातील 'फ्री' या शब्दाचा अर्थ मात्र फार थोड्यांनी विचारला असेल. १८६० साली न्यूयॉर्क राज्यात हे चर्च वेगळे झाले, तेव्हा अमेरिकेतल्या अनेक चर्चमध्ये पुढचे बाक भाड्याने दिले जात. पैसेवाल्याने भाडे भरावे आणि पुढे बसावे, गरिबाने मागे उभे राहावे, अशी रीत होती. या मंडळींनी सांगितले की देवाच्या घरातले बाक विकाऊ नाही. त्याबरोबर गुलामगिरीलाही त्यांनी विरोध केला. म्हणजे ज्या चर्चचे नावच बाकाच्या भांडणातून आले, ते आमच्या जिल्ह्यात येऊन पोहोचले होते.

परंतु या देशात बाकाचे भाडे पैशात नव्हते, जन्मात होते. ते कसे माफ करायचे याचे उत्तर मिशनऱ्यांजवळ तयार नव्हते, सरकारजवळही नव्हते.

मिशनच्या शाळांनी महाराष्ट्राला काय दिले हे नाकारण्याचे कारण नाही. जोतीराव फुले १८४१ ते १८४७ या काळात पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. मध्येच सुटलेली त्यांची शाळा पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोविंदरावांची समजूत घालणाऱ्यांत शेजारचे गफार बेग मुन्शी होते, हे फुले यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. अहमदनगरची अमेरिकन मिशनची मुलींची शाळा पाहून जोतीरावांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. घर सोडावे लागल्यावर जोतीराव आणि सावित्रीबाईंना उस्मान शेख यांनी आसरा दिला. फातिमा शेख होत्याच की नव्हत्या असा वाद २०२५ साली उकरून काढण्यात आला. पण सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांचा उल्लेख आहे, आणि तो सहकाऱ्याविषयीच्या काळजीने केलेला आहे. आमच्या दृष्टीने एवढा पुरावा बोलका आहे.

याच फुले दांपत्याच्या शाळेत मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी शिकत होती. लहुजी साळवे यांच्या घराण्यातली ही मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तेव्हा ती अवघी चौदा वर्षांची होती. वेदांवर आमचा अधिकार नाही असे म्हणता, तर आमचा धर्म कोणता, असा रोकडा सवाल तिने त्यात केला आहे. 'ज्ञानोदय' हे मिशनचे पत्र होते. ते छापायला तयार झाले हे त्याचे मोठेपण खरे, पण सवाल मिशनने शिकवलेला नव्हता. तो त्या मुलीने स्वतःच्या जिण्यातून उचलला होता. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या प्रतिकाराचा इतिहास लिहायचा झाला तर पहिले पान या मुलीला द्यावे लागेल.

तिच्या निबंधाला जेमतेम वर्ष उलटले होते. १८५६ मध्ये मुंबई इलाख्यातील धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. सरकारी शाळा जातीचा विचार न करता सर्वांसाठी असाव्यात असे धोरण कागदावर होते. तरी मुंबई सरकारने त्या मुलाला नकार दिला. कारण असे दिले की, या एकाला घेतले तर बाकीचे सगळे शाळा सोडून जातील आणि मग शाळा निरुपयोगी होईल. अन्याय करणारा नेहमी संख्येचा हिशेब पुढे करतो, त्याचा हा नमुना आहे. पुढे विलायतेतून सर्वांना खुल्या शाळांचे तत्त्व पुन्हा सांगितले गेले. पण गावच्या मास्तरापर्यंत पोहोचता पोहोचता तत्त्वाची पडवी झाली. मुलाचे नाव हजेरीत, मूल मात्र बाहेर ओसरीवर. कुठे दाराशी, कुठे वेगळ्या रांगेत, तर कुठे त्यांच्यासाठी वेगळीच शाळा.

१८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना फुले यांनी हीच स्थिती मांडली. वरच्या जातींच्या मुलांशेजारी बसू देत नाहीत म्हणून महार-मांगांची मुले शाळेबाहेर राहतात असे सांगून, त्यांच्यासाठी स्वतंत्र शाळा काढाव्यात अशी मागणी त्यांनी केली. इथे वाचकाने थोडे थांबावे. समतेसाठी आयुष्य वेचणारा माणूस वेगळ्या शाळा कशा मागतो? याचे कारण असे की वेगळेपणा दोन प्रकारचा असतो. तुला आमच्याजवळ बसता येणार नाही म्हणून दुसऱ्याने तुझी जागा ठरवणे, हा एक. कोणी हाकलू नये म्हणून आपली जागा आपण उभी करणे, हा दुसरा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. आतून त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पुढचा सगळा इतिहास हे अंतर ओळखल्याशिवाय समजत नाही.

पहिल्या प्रकारचा वेगळेपणा काय असतो हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. साताऱ्याच्या शाळेत ते घरून आणलेल्या गोणपाटावर कोपऱ्यात बसत. ते गोणपाट शाळेचा नोकर शिवत नसे, म्हणून संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपाई असेल तर तो तोटी सोडेल, शिपाई नसेल तर पाणी नाही. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत शिकायची इच्छा असूनही ते त्यांना नाकारले गेले आणि त्यांनी फारसी घेतली. आम्हा मंडळींना फारसीचा अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे. परंतु ज्या मुलाने ती भाषा निवडली नव्हती, ज्याच्या हाती दुसरे दार बंद झाल्यामुळे ती आली, त्याच्या बाजूनेही तिच्याकडे पाहिले पाहिजे.

वेगळे बाक एका हुकमानेही हलू शकते, हे कोल्हापूरने दाखवले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम काढला. याच राजाने मुसलमान मुलांसाठी वसतिगृह उभारायला हात दिला होता. म्हणजे वसतिगृह स्वतंत्र आणि वर्ग एक, हा त्यांचा विचार होता. राहण्याचा आधार आपल्या माणसांत असावा, पण ज्ञानाची पंगत एकच असावी. आजही यापेक्षा शहाणे धोरण आम्हाला सुचत नाही. मात्र सगळीकडे शाहू महाराज नव्हते. मध्य प्रांत व वऱ्हाडात हे काम लोकांनाच करावे लागले.

नागपूरला किसन फागूजी बनसोडे यांनी १९०७ मध्ये चोखामेळा मुलींची शाळा काढली. १९२० च्या मे महिन्यात शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात बहिष्कृतांची अखिल भारतीय परिषद भरली. याच वातावरणात जाईबाई चौधरी पुढे आल्या. उमरेडकडच्या महार कुटुंबात १८९२ मध्ये जन्मलेल्या जाईबाई नागपूर-कामठी रस्त्यावर डोक्यावर ओझी वाहून पोट भरत. एका मिशनरी बाईंच्या लक्षात आले की या हमाल बाईला लिहिता-वाचता येते. त्यांनी जाईबाईंना मिशनच्या शाळेत महिना चार रुपयांवर शिक्षिका म्हणून घेतले. अस्पृश्य बाई शिकवते हे कळताच सवर्ण पालकांनी मुले काढून घेण्यास सुरुवात केली. शेवटी नोकरी जाईबाईंना सोडावी लागली. धारवाडचा हिशेब नागपुरात पुन्हा मांडला गेला, या वेळी मिशनच्या शाळेत. मिशनरी बाईंचा हेतू चांगला होता यात शंका नाही. पण दयेचा आधार पालकांच्या बहिष्कारापुढे टिकला नाही.

जाईबाई पुन्हा ओझी उचलायला गेल्या नाहीत. १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात संत चोखामेळा कन्या पाठशाळा काढली. वस्तीवस्तीत, दारोदार जाऊन मुली गोळा केल्या. या कामात शिव्या खाल्ल्या, अंगावर घाण झेलली. कौसल्या बैसंत्री यांनी आपल्या 'दोहरा अभिशाप' या हिंदी आत्मकथनात त्या काळच्या नागपूरचे चित्र रेखाटले आहे. त्यांची आई एम्प्रेस मिलमध्ये काम करीत होती. जाईबाईंच्या सांगण्याने तिने मुलींना शाळेत घालायचे ठरवले आणि शेवटपर्यंत ते निभावले. मोठ्या शाळेत गेल्यावर सवर्ण मुलींमध्ये बसताना वाटणारी धास्ती बैसंत्रींनी लपवलेली नाही. तीच घाबरणारी मुलगी पुढे शेड्यूल्ड कास्ट विद्यार्थी संघटनेत धडाडीने काम करू लागली. भीतीतून संघटनेकडे जाणारी ही वाट जाईबाईंच्या शाळेतून निघाली होती.

बहिष्कार मात्र शाळेपुरता नव्हता. १९३७ च्या डिसेंबरात नागपुरात अखिल भारतीय महिला परिषद भरली, तेव्हा जेवणाच्या वेळी जाईबाईंना वेगळे बसवण्यात आले. शिकलेल्या, स्त्रियांच्या हक्कांवर ठराव करणाऱ्या बायकांच्या पंगतीत हे घडले. नागपूरच्या दलित स्त्रियांनी गप्प न बसता त्यानंतर निषेध सभा घेतली. तिकडे फलटणला बेबी कांबळे लहान असताना शाळेत महार मुलींना बाजूला बसवत. त्या मुली एकजुटीने उलट उत्तर देत, भांडत, हे त्यांनी 'जिणं आमुचं'मध्ये सांगितले आहे. ही भांडणे कोणत्या अहवालात नोंदली गेली नाहीत. पण प्रतिकार नेहमी मोर्चानेच होतो असे नाही, एखाद्या कोपऱ्यातल्या चार मुलींच्या तोंडानेही होतो.

आता थोडे सातासमुद्रापार जाऊ. ही उडी आमची नाही, ती जोतीरावांनी १८७३ मध्येच घेतली होती. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना त्यांनी आपली 'गुलामगिरी' अर्पण केली. परंतु गुलामी गेली तरी बाक वेगळेच राहिले. चर्चच्या शाळाही त्याला अपवाद नव्हत्या.

सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट हा शनिवार पाळणारा, दारू आणि डुकराचे मांस वर्ज्य मानणारा ख्रिस्ती पंथ १८६३ साली अमेरिकेत संघटित झाला. पुण्यातील स्पायसर ही संस्था त्यांचीच. या पंथाच्या पहिल्या पिढीत गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. १८९६ मध्ये त्यांनी अलाबामा राज्यात हंट्सविल गावी, जिथे पूर्वी गुलाम राबत त्याच शेतजमिनीवर काळ्या मुलांसाठी ओकवुड ही शाळा काढली. सुरुवातीला सोळा विद्यार्थी होते. शाळा वाढली, महाविद्यालयाच्या पायरीपर्यंत आली. पण विद्यार्थी काळे आणि प्रमुख गोरा ही रचना तीस-पस्तीस वर्षे तशीच राहिली. दक्षिणेत जो वर्णभेद रस्त्यावर होता तो संस्थेच्या आतही होता. शिक्षणापेक्षा अंगमेहनतीवर भर होता.

ऑक्टोबर १९३१ मध्ये विद्यार्थ्यांनी संप केला. वर्गात जायचे नाही, कामावरही जायचे नाही. आमच्या संस्थेचा प्रमुख आमच्यातला असावा आणि शिक्षण खऱ्या अर्थाने शिक्षण असावे, ही त्यांची मागणी. पुढारीपण करणाऱ्या पाच विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. पण दुसऱ्याच वर्षी, १९३२ मध्ये, जे. एल. मोरन हे ओकवुडचे पहिले काळे प्रमुख झाले. काढून टाकलेल्या पाचांपैकी डब्ल्यू. डब्ल्यू. फोर्डहॅम पुढे त्याच चर्चचे नामवंत सेवक झाले. त्यांनी चर्च सोडले नाही, त्याचा अपमान तेवढा नाकारला. १९२५ मध्ये टेनेसीतील फिस्क विद्यापीठातील काळ्या विद्यार्थ्यांनीही असाच संप केला होता आणि तिथल्या गोऱ्या अध्यक्षाला राजीनामा द्यावा लागला होता. ओकवुडची मुले एकटी नव्हती.

या पंथाची पुढची कहाणीही बोधप्रद आहे. १९४३ मध्ये ल्युसी बायर्ड या काळ्या ॲडव्हेंटिस्ट बाईंना वॉशिंग्टनजवळच्या त्यांच्याच पंथाच्या रुग्णालयाने वर्णामुळे ठेवून घेतले नाही. दुसऱ्या रुग्णालयात त्या मरण पावल्या. त्यावरून उठलेल्या संतापानंतर १९४४ मध्ये काळ्या सभासदांच्या स्वतंत्र प्रशासकीय शाखांना मान्यता मिळाली. पुन्हा तोच पेच आला. ही वेगळी चूल म्हणजे हार की जीत? अनेकांना सरळ एकत्र बसायचे होते, ते मिळाले नाही. मग निदान आपला कारभार तरी आपल्या हाती असावा असे त्यांना वाटले. फुल्यांनी १८८२ मध्ये, जाईबाईंनी १९२२ मध्ये जी वाट धरली तिच्याशी ही वाट मिळतीजुळती आहे.

वर्ण आणि जात एक नाहीत, हे आम्ही जाणतो. काळा माणूस दुरूनच ओळखू येतो. इकडे जात विचारून, आडनावावरून, वस्तीवरून हुडकून काढावी लागते. पण दोन्ही ठिकाणी एक अनुभव समान आहे. परमेश्वरापुढे सगळे सारखे असे शिकवणाऱ्या संस्थांनी दार उघडले आणि आत आलेल्याची जागा मात्र बाहेरच्या समाजाला विचारून ठरवली. ती जागा पुढे बदलली ती आतल्यांनी तिथे बसायचे नाकारले तेव्हा. जाईबाईंची नोकरी गेली, त्यांनी शाळा काढली. ओकवुडच्या मुलांनी आहे तीच शाळा आपली करून घेतली. मार्ग दोन, पण दोघांनीही उपकाराखाली मान घातली नाही.

या दोन लढ्यांची ओळख पुढे वाढत गेली. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी काळ्यांचे थोर विचारवंत डुबॉइस यांना पत्र लिहिले आणि त्यांचे उत्तरही आले. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला काढलेल्या महाविद्यालयातून दलित लेखकांची एक पिढी घडली. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले आणि काळ्यांच्या साहित्याकडे त्यांनी मराठी तरुणांचे लक्ष वेधले. जनार्दन वाघमारे यांनी त्यावर मराठीत ग्रंथ लिहिला. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने तर नावच तिकडून घेतले. दलित साहित्याचा हा प्रवाह नसता तर मुस्लिम मराठी साहित्यालाही आपला आवाज शोधायला अधिक काळ लागला असता असे आम्हाला वाटते.

हे सारे दुसऱ्यांचे म्हणून वाचून बाजूला ठेवण्यासारखे नाही. मशिदीत आपली सफ एक असते, याचा आपण अभिमान बाळगतो आणि तो रास्त आहे. पण सफेतून उठल्यावर काय? बिरादरी विचारूनच सोयरीक जमते. खाटीक, पिंजारी, बागवान, मोमीन, फकीर या मेहनतकश जमातींकडे खानदानी म्हणवणारे कोणत्या नजरेने पाहत आले, हे मुस्लिम ओबीसी चळवळीने उघड केल्यावर आपल्यातल्या अनेकांना राग आला होता. ख्रिस्ती झालेल्या दलितांनाही चर्चमध्ये जात भेटली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती आधी हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यांत घेतले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान अजून बाहेर आहेत. त्यांच्या धर्मात जात नाही, असे त्यामागचे कारण सांगतात. ज्याला पंगतीत जात भेटते त्याला कागदावर ती नाही असे सांगितले जाते.

आमच्या जिल्ह्यात आज गोणपाट दिसणार नाही. पांढरकवड्याकडे कोलाम, गोंड, परधानांची मुले आश्रमशाळेत असतात. तांड्यावरचे बंजाऱ्याचे पोर जिल्हा परिषदेच्या शाळेत, मोहल्ल्यातले उर्दू शाळेत आणि ऐपतवाल्याचे इंग्रजी शाळेत. एका गावची मुले एकमेकांच्या नावानिशी ओळखीची होत नाहीत. कोणी कोणाला हाकलले नाही, तरी बाक वेगळे झाले. उर्दू शाळा किंवा आश्रमशाळा बंद करा असे आम्ही म्हणत नाही. वर सांगितलेला भेद इथे लावून पाहावा. ती शाळा मुलाला आधार देऊन पुढच्या मोठ्या वर्गात ताठ मानेने नेते का? नेत असेल तर ती जाईबाईंची शाळा. त्याला तिथेच ठेवण्यासाठी असेल, गणिताचा मास्तर नसेल आणि कोणी विचारतही नसेल, तर ती धारवाडची ओसरी.

आणि मोठ्या वर्गात पोहोचल्यावरही प्रश्न संपत नाही. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी या पदव्युत्तर विद्यार्थिनीने जीव दिला. तडवी भिल्ल म्हणजे आदिवासी आणि मुसलमानही. जातीवरून टोमणे मारून छळल्याचा आरोप वरच्या वर्गातील तीन डॉक्टरांवर ठेवण्यात आला. त्याच वर्षी तिच्या आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला यांनी एकत्र येऊन सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. उच्च शिक्षणसंस्थांतील जातिभेद थांबवण्याची व्यवस्था असावी, ही त्यांची मागणी होती. एक मुसलमान आदिवासी आई आणि एक दलित आई एका अर्जावर सही करतात, ही आमच्या मते अलीकडच्या काळातील फार मोठी घटना आहे. आपल्या सभा-संमेलनांत तिच्यावर पुरेशी चर्चा झाली नाही.

शाळा काढणे पुण्याचे काम आहे. आपल्या जमातीत तशी माणसे वाढत आहेत, याचा आम्हाला आनंद आहे. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की इमारतीवर नाव कोरून झाले की एकदा वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसावे. तिथे कोणाची मुले बसतात ते पाहावे, आणि ती का बसतात ते त्यांनाच विचारावे. मुक्ता साळवेने १८५५ मध्ये सवाल केला तेव्हा तो छापणारा कोणीतरी होता. आज एखाद्या मुलीने तसा सवाल केला तर तो ऐकून घेण्याची तयारी आपल्या शाळेत, आपल्या मदरशात आणि आपल्या वार्षिकांकात असली पाहिजे.